एक सूत खाली

ऑक्सफर्डच्या दक्षिणेस थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे जे जुने गाव आहे, आणि ज्या गावात १९२९ पासून १९८० पर्यंत एम.जी. या दोन अक्षरांच्या मोटारींची जुळणी होत असे, त्या गावापासून सहासात मैलांवर माझे स्नेही दिनकरराव गेली चाळीसहून अधिक वर्षे राहत आहेत; आणि मी रेडिंगहून आगगाडीने त्यांच्याकडे गेलो की डिडकॉटच्या स्थानकाबाहेर त्यांची १९६६ सालची, हस्तिदंती रंगाची, छप्पर मागे दुमडलेली एम.जी.बी. उभी असायची, हा आमच्या दहाबारा वर्षांच्या स्नेहातला जणू अलिखित करारच होता. गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मात्र तिथे त्यांच्या पत्नीची, म्हणजे सुमतीबाईंची, चारचौघांसारखी करडी मोटार उभी होती, आणि तिच्या मागल्या आसनावर, गुडघ्यांवर शालीची घडी ठेवून, दिनकररावांचे साडू वामनराव बसले होते. हे गृहस्थ जिल्हा न्यायाधीश म्हणून साताऱ्यास निवृत्त झाले, आता पुण्यास असतात, आणि सपत्नीक दोन महिन्यांच्या मुक्कामास मेहुणीकडे आलेले होते.

"गाडी?" मी विचारले.

"न्यायप्रविष्ट आहे," वामनराव म्हणाले.

खुलासा घरी पोचेपर्यंत झाला. इंग्लंडात चाळीस वर्षांपलीकडच्या मोटारींना २०१८ सालापासून वार्षिक तपासणी माफ आहे, आणि गाडी रस्त्यावर नेण्याजोगी राखण्याची जबाबदारी तेवढी मालकाच्या शिरावर आहे. परंतु एका यंत्रशाळेत तीस वर्षे हत्यारे घडवण्यात घालवलेल्या दिनकररावांना आपणच आपल्याला दाखला देणे रुचत नाही, म्हणून ते दर सप्टेंबरात गाडी आपण होऊन तपासनिसापुढे उभी करतात. या खेपेस तपासनिसाने डाव्या दाराखालच्या पत्र्यावर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला.

"कायद्याने विचारलं नव्हतं ते तुम्ही आपण होऊन कबूल केलंत," वामनराव म्हणाले. "असा आरोपी माझ्यापुढे एकही आला नाही."

गॅरेजात गाडी चार टेकूंवर उचलून ठेवलेली होती. आसने, गालिचे आणि दारांची आतली अस्तरे काढून भिंतीशी रचली होती. आणि त्या भिंतीला गॅरेजात असतात तशा उघड्या विटा नसून फिकट निळ्या फुलांचा कागद चिकटवलेला होता, ज्याची कड एका कोपऱ्यात सुटून पुढे आली होती. त्याचे मला किंचित नवल वाटले. पण तेवढ्यात दिनकरराव बॅटरी घेऊन जमिनीवर आडवे झाले आणि आम्हांलाही वाकावे लागले.

१९५५ पर्यंतच्या बहुतेक एम.जी. गाड्यांत खाली स्वतंत्र पोलादी चौकट आणि वर ॲश वृक्षाच्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, अशी घोडागाडीच्या कुळातली रचना असे. १९६२ साली निघालेल्या एम.जी.बी.त चौकट आणि अंग एकच झाले. वर छप्पर नाही, खाली चौकट नाही, तेव्हा पुढल्या आणि मागल्या चाकांमधला सारा ताण दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ तुळयांवर येतो. इंग्रजीत त्यांना 'सिल' म्हणतात, म्हणजे उंबराच, आणि दिनकररावही उंबराच म्हणतात. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा, आणि तळाशी किल्ल्याच्या तटावरल्या चर्यांसारखी दातेरी पट्टी, जिला तिथले कारागीर त्या आकारावरून 'कॅसल रेल' म्हणतात, इतक्या पदरांचा हा उंबरा असतो. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर टाकलेले मीठ पाण्याबरोबर त्यात शिरते, निचऱ्याची छिद्रे चिखलाने बुजलेली असली की तिथेच मुरते, आणि बाहेरच्या रंगावर पहिला फोड उठतो तोवर आतल्या पडद्याची चाळण झालेली असते. दिनकररावांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने उंबऱ्यावर पुढून मागे ठोकत नेले. पुढे दोन वितीपर्यंत पत्रा खणखणीत बोलला, मग आवाज बसला, आणि मागल्या चाकाजवळ तर ओल्या पुठ्ठ्यावर बोट मारावे तसा आला. जमिनीवर तांबूस भुकटीची एक रेघ पडली.

"आता माझा विचार ऐका," उठून हात पुसत दिनकरराव म्हणाले. "डावा गेला म्हणजे उजवा गेलेलाच आहे. तळाचा पत्रा दोन ठिकाणी विरलाय, मागच्या चाकावरची कमान आहे. हे तुकड्यातुकड्यांनी करायचं तर दोन हिवाळे जातील, आणि माझ्या वयाला हिवाळे मोजून खर्च करावे लागतात. त्यापेक्षा नवी बॉडीशेल आणावी. १९८८ पासून ती मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेजने कारखान्याचे जुने साचे हुडकून गोळा केले आणि त्यांच्यावरच पत्रा दाबून अख्खं अंग पुन्हा उभं केलं. नक्कल नव्हे, तोच साचा, तीच वळणं. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, चाकं, घड्याळं या अंगातून काढायची नि त्या अंगात बसवायची."

"आणि हे अंग?"

"भंगारात."

"मग गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त मला ऐकवू नका," वामनराव म्हणाले. "तिथे देही कोण आणि वस्त्र कोणतं हे ठरलेलं आहे. इथे तोच तर वाद आहे. ही १९६६ ची गाडी म्हणून तुम्ही ज्याला हात लावता, तो हा पत्रा. तो काढलात की उरतो सुट्या भागांचा ढीग आणि एक क्रमांक. त्या क्रमांकाखाली नवी वस्तू उभी करायची, याला आमच्याकडे वेगळं नाव आहे, पण तुमच्या घरचं मीठ खातोय म्हणून उच्चारत नाही."

"क्रमांकाचं म्हणाल तर इथल्या परिवहन खात्याने वर्षानुवर्षं गुण देण्याची पद्धत चालवली. अंगाला पाच, सुकाणूला दोन, ॲक्सलना दोन, गिअरबॉक्सला दोन, इंजिनाला अवघा एक. आठ गुण भरले की जुना क्रमांक कायम. आणि त्या पाच गुणांना मूळ अंगाइतकंच कारखान्याबरहुकूम नवं अंगही पात्र."

"खात्याने क्रमांक कोणाच्या हाती द्यायचा एवढं ठरवलं, गाडी कोणती हे नव्हे. सातबाराच्या उताऱ्यावर नाव चढलं म्हणून मालकी शाबीत होत नाही, हे सांगण्यात माझी हयात गेली."

दिनकरराव हसले, आणि मला वाटते ते या वाक्याची वाटच पाहत होते. कारण जुन्या मोटारींचा नाद असलेल्या इंग्लंडातल्या बहुतेक माणसांना एक खटला तोंडपाठ असतो आणि तो न्यायाधीशाला ऐकवण्याची संधी रोज येत नाही. बेंटली कंपनीची 'स्पीड सिक्स' जातीची एक गाडी, जिला 'ओल्ड नंबर वन' म्हणतात, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्सातली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात बदलावर बदल झाले, १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्ट्यावर तिला भीषण अपघात होऊन चालवणारा ठार झाला, मग तिला बंद टपाची गाडी करण्यात आले, आणि अखेर कित्येक दशकांनंतर तिचे जुने शर्यतीचे रूप तिला परत देण्यात आले. एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, तेव्हा खरेदीदाराने हात आखडला: ल माँ जिंकलेल्या गाडीचे यात शिल्लक आहे तरी काय? १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे ते प्रकरण चालले. शर्यत जिंकलेल्या गाडीतले लोखंड जवळजवळ काहीच उरले नव्हते, आणि तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला.

"तेव्हा सांगा," दिनकरराव म्हणाले, "तुमच्याच बिरादरीतल्या माणसाने लोखंड मोजलं नाही."

"निकाल वाचल्याशिवाय दाखला देऊ नये," वामनराव शांतपणे म्हणाले. "मी तो वाचलाय. तुम्ही मागच्या खेपेला सांगितलंत तेव्हा पुण्यास परत गेल्यावर मागवून घेतला. 'मूळ' हे विशेषण न्यायमूर्तींनी त्या गाडीला लावू दिलं नाही. 'अस्सल' हे लावू दिलं. का? तर ती गाडी कधी मेलीच नाही. बदल झाला तो चालत्या गाडीत, एकेक करून. तिचं अस्तित्व मध्ये कुठे तुटलं नाही, आणि 'ओल्ड नंबर वन मीच' म्हणणारी दुसरी गाडीही जगात नव्हती. तुमच्या प्रकरणात काय होईल? मंगळवारी हे अंग इथे असेल, बुधवारी भंगारवाल्याकडे. सातत्याचा धागा तुम्ही एका दुपारी कापणार, आणि वर त्याच धाग्याचा आधार घेणार!"

"म्हणजे तीच गोष्ट तीस वर्षांत केली तर अस्सल, आणि एका दुपारी केली तर खोटी?"

"वंशवृक्ष आणि दत्तकपत्र यांत फरक असतो, दिनकरराव. दत्तक खोटा नसतो. पण तो दत्तक आहे हे लिहावं लागतं."

येथवर, खरे सांगायचे तर, मी मनाने वामनरावांच्या बाजूला झुकलो होतो. मोटारीतले मला फारसे कळत नाही. पण ज्या देशात जीर्णोद्धार म्हणजे कोरीव पाषाणावर तैलरंगाचा हात फिरवणे, असा समज निदान माझ्या लहानपणी तरी सार्वत्रिक होता, त्या देशातून आलेल्या माणसाला 'काढा आणि नवे घाला' या शब्दांची थोडी धास्ती वाटतेच. परंतु पुढे दिनकरराव जे बोलले त्याचे उत्तर मला लगेच सापडले नाही, आणि वामनरावांनाही चहा येईपर्यंत सापडले नाही.

"तुम्ही ॲबिंग्डनला कारखाना समजता ना? पत्रा दाबायचं यंत्रच तिथे नव्हतं. ही अंगं स्विंडनकडे जोडली जात, इंजिनं दुसरीकडून येत, कार्बुरेटर, दिवे, धक्काशोषक, सगळं बाहेरचं. ॲबिंग्डनला होती ती नुसती जुळणी. आणि तीही कशी? पट्टा सरकवणारी मोटरसुद्धा नव्हती. एका माणसाचं काम झालं की गाडी हाताने ढकलून पुढच्या माणसापाशी न्यायची. अशा पाच लाखांवर एम.जी.बी. निघाल्या. कोणाला वाटलं होतं हा पत्रा पवित्र आहे म्हणून? त्या माणसांनी जे केलं तेच मी या गॅरेजात करणार. बाहेरून आलेलं अंग, बाहेरून आलेले भाग, आणि मधे दोन हात. याहून अस्सल एम.जी. ती कोणती?"

सुमतीबाईंनी चहाचे पेले कामाच्या बाकावर ठेवले, चकलीची बशी ग्रीसच्या डब्यापासून लांब सरकवली, आणि विचारले, "भावोजी, निकाल आज, की पुढची तारीख?"

वामनरावांनी एक चकली मोडली. "दिनकररावांनी फार चांगला मुद्दा मांडला," ते म्हणाले, "पण तो माझ्या बाजूचा आहे. ते जे सांगतात ती एम.जी. करण्याची रीत झाली. उत्तम रीत आहे, आणि ती यांना येते यात शंका नाही. पण एम.जी. करणं वेगळं आणि ही एम.जी. सांभाळणं वेगळं. पहिलं काम करायला कोणतंही अंग चालतं. दुसऱ्याला हेच लागतं."

"सांभाळायची म्हणजे काय, काचेच्या पेटीत ठेवायची? चालत नाही ती गाडी नव्हे, वामनराव. ते लोखंडी सामान. थांबा, तुम्हांला ऐकवतोच."

त्यांनी बॉनेट उघडले. १७९८ घनसेंटिमीटरच्या त्या इंजिनाच्या कुशीला दोन एस.यू. कार्बुरेटर शेजारी-शेजारी बसवलेले असतात, लहान तांब्यांसारखे, वर काळ्या टोपीचे. आणि ज्या स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे यंत्र शोधले ते बुटांच्या व्यापारातल्या घराण्यातले असल्यामुळे की काय, पहिल्या नमुन्यांत धातूच्या दट्ट्याच्या जागी चामड्याचा भाता होता, ही माहिती दिनकररावांनी किल्ली फिरवता फिरवता दिली. आधी पेट्रोलच्या पंपाची टकटक ऐकू आली, ती वाटी भरल्यावर मंदावली, मग इंजिन चालू झाले आणि गॅरेजाच्या उघड्या दारातून निळसर धूर अंगणात गेला. दोनतीन मिनिटांनी धाप बसल्यावर त्यांनी रबराची हातभर नळी घेऊन तिचे एक टोक वामनरावांच्या कानाला लावले आणि दुसरे पुढच्या कार्बुरेटरच्या मुखाशी धरले.

"ऐका."

"फुसफुसतंय."

"आता मागचा."

"हा थोडा... खालच्या पट्टीत आहे."

"म्हणजे त्याला हवा कमी मिळतेय." दिनकररावांनी एक बारीक स्क्रू पावपाव फेरा करून फिरवला, पुन्हा नळी पुढे, पुन्हा मागे, आणि निवृत्त न्यायाधीश डोळे मिटून, तंबोरा लावणाऱ्याच्या मुद्रेने, बसलेल्या आवाजाला बसलेला आणि चढलेल्याला चढलेला म्हणत राहिले. दोन्ही फुसफुसाट एका पट्टीत आल्यावर दिनकररावांनी कार्बुरेटरच्या बुडाशी असलेली एक खीळ बोटाच्या टोकाने केसभर वर उचलली. आतला दट्ट्या तेवढाच उचलला गेला. इंजिनाचा वेग क्षणभर वाढला आणि पुन्हा जागेवर आला.

"वाढून तसाच राहिला असता, तर पेट्रोल जास्त. उचलताच इंजिन गुदमरलं असतं, तर कमी. वाढून परत आला, म्हणजे ठीक. ना मीटर, ना पडदा. हे ज्ञान ठेवायचं कुठे? काचेच्या पेटीतल्या गाडीला हे विचारताच येत नाही. आणि ज्या जगासाठी ही केली ते जग तरी कुठे राहिलंय? २००० च्या जानेवारीपासून इथे शिशाचं पेट्रोल बंद झालं. ते शिसं व्हाल्व्हच्या बैठकांना गादीसारखं असे. ते गेलं तेव्हा या ओतीव डोक्यात कठीण पोलादी कड्या कातून बसवाव्या लागल्या. २०२१ पासून साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुनी रबरी नळी त्याने मऊ होते, पाझरते. मी जुनी नळी मूळची म्हणून ठेवली असती, तर गाडी अस्सलपणे पेटली असती."

"नळी बदला, कोण नको म्हणतो? माझी कसोटी साधी आहे. जे केलंत ते उद्या कोणाला उलटवता येईल का, आणि काय केलंत ते कुठे लिहिलंय का. या गाडीला मुळात धन टोक अंगाला जोडलेलं होतं, तुम्ही ऋण केलंत..."

"आणि जुना डायनामो फडताळात आहे, चिठ्ठी लावून."

"म्हणून तर तुमच्याशी बोलतो."

एका बाबतीत दोघांचे ताबडतोब एकमत झाले, आणि ते म्हणजे विजेचे. २०१७ साली जग्वारच्याच कारखान्याने आपल्या नामांकित ई-टाइपचे इंजिन काढून तिथे विद्युतसंच बसवलेली एक गाडी सजवून पुढे आणली, आणि पुढल्या वर्षी एका राजपुत्राच्या लग्नात ती मिरवलीही. मी तिचा विषय काढला. दिनकरराव म्हणाले, "आवाज काढून घेतला". वामनराव म्हणाले, "पुरावा नष्ट केला". आणि दोघेही एकदम चकलीकडे वळले.

चहा संपल्यावर वामनरावांनी, जणू उलटतपासणीस आरंभ करावा तसे, विचारले, "लिहिलेलं आहे म्हणालात. दाखवा."

दिनकररावांनी फडताळातून कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही काढली. १९८१ साली, कारखाना बंद पडून वर्ष उलटायच्या आत, आठशे पौंडांना त्यांनी ही गाडी एका शिक्षकाकडून घेतली, त्या दिवसापासूनच्या नोंदी तीत होत्या, आणि त्या सगळ्या मराठीत होत्या: तारीख, मैल, काम. तेल बदलले. पुढील चाकांच्या किंगपिनांना ग्रीस, प्रत्येकी तीन जागी. तारांच्या चाकांच्या दात्यांना ग्रीस. नट तांब्याच्या हातोडीने कसले. डावा मागला दिवा लागेना, तारेत दोष नाही, सांध्यावर गंज, घासून लावला. ("इथले लोक या गाड्यांच्या विजेची थट्टा करतात," दिनकरराव मध्येच म्हणाले, "पण दहापैकी नऊ वेळा दोष सांध्यात असतो, आणि सांधा साफ करणं मालकाचं काम.") दर तीन हजार मैलांना ग्रीसची नोंद, पाळण्यातल्या मुलाच्या लशींच्या तक्त्यासारखी, न चुकता. वामनराव एकेक पान उलटत गेले, आणि मला स्पष्ट दिसले की गाडीने त्यांना जे पटले नव्हते ते या वहीने पटत चालले होते. दस्तऐवजापुढे त्यांचा चेहरा मऊ होतो.

मग त्यांचे बोट थांबले.

"१९९३ च्या नोव्हेंबरानंतर एकदम १९९७ चा जून. मधे साडेतीन वर्षं एकही नोंद नाही."

"गाडी बाहेर होती. अंगणात, ताडपत्रीखाली."

"कशासाठी? गॅरेज असताना?" वामनरावांच्या स्वरात खंडपीठाचा कोरडेपणा आला. "ताडपत्रीखाली वाफ धरते, हे तुम्हांला कळत नव्हतं? हा सगळा गंज त्या साडेतीन वर्षांतलाच दिसतो. तुमच्यासारख्या माणसाने..."

दिनकररावांनी उत्तर दिले नाही. ते कार्बुरेटरचे झाकण पुसत होते. उत्तर आले ते दारातून. सुमतीबाई पेले न्यायला आल्या होत्या आणि त्यांच्यामागे त्यांच्या थोरल्या बहीण मालतीबाई उभ्या होत्या.

"आई इथे होती ना, भावोजी," सुमतीबाई म्हणाल्या. "जिना चढवत नव्हता. हीच ती खालची खोली."

वामनरावांनी मान वर करून भिंतीवरल्या निळ्या फुलांकडे पाहिले. पुण्यास त्या साडेतीन वर्षांत आलेल्या प्रत्येक पत्रात 'खालची खोली' हे शब्द असणार, आणि वाचणाऱ्यांनी आपापल्या कल्पनेतली एक खोली तिथे ठेवलेली असणार. ती खोली इतकी लहान आहे, तिचे एक दार अख्ख्या भिंतीएवढे आहे, आणि ती रिकामी करण्यासाठी कोणाला तरी आपली गाडी पावसात काढावी लागली होती, हे पत्रात लिहिलेले नव्हते. मालतीबाई पुढे आल्या, कागदाची सुटलेली कड त्यांनी तळव्याने भिंतीवर दाबून धरली, आणि हात काढताच ती पुन्हा सुटली.

"खिडकी कुठे होती?" त्यांनी विचारले.

"तिकडे, आता फडताळ आहे तिथे."

वामनरावांनी वही मिटली, पण परत दिली नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "डावीकडून सुरुवात करायची असेल तर आधी काय करावं लागतं?"

"दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी दांडा झाळून घ्यायचा," दिनकरराव म्हणाले. "नाहीतर उंबरा कापला की गाडी मधोमध वाकते, आणि दार कायमचं अडकतं."

नव्या बॉडीशेलचे नाव पुन्हा निघाले नाही. का निघाले नाही, हे मी विचारले नाही, आणि विचारले असते तर दोघांनी दोन वेगळी कारणे दिली असती, यात मला संशय नाही.

पुढचे तीन शनिवार मी तिथे जात राहिलो, आणि स्थानकाबाहेर करडी मोटारच येत राहिली. पहिल्या खेपेस बाहेरचा पत्रा कापून निघाला; वामनराव डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून बॅटरी धरीत होते आणि निघालेल्या प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी वहीत लिहून घेत होते, पंचनाम्याच्या शिस्तीने. मधल्या पडद्याचा वरचा अर्धा भाग, दोघांच्याही अपेक्षेविरुद्ध, शाबूत निघाला. तो ठेवायचा की नाही यावर पाऊण तास वाद झाला आणि तो ठेवला गेला. दुसऱ्या खेपेस नवी दातेरी पट्टी बसली. झाळकाम सलग करायचे नाही, इथे एक टाका, मग हातभर दूर एक, नाहीतर उष्णतेने पत्रा पिळतो; त्यामुळे काम पाहणाऱ्याला वाटते की हा माणूस सारखा विसरतो आहे आपण कुठे होतो ते.

तिसऱ्या शनिवारी बाहेरचा नवा पत्रा शिकंजांनी आवळून जागेवर धरला होता, कायम झाळण्याआधी, आणि दार बिजागऱ्यांवर चढवून पाहायचे होते, कारण पत्रा बरोबर बसला की नाही हे दारच सांगते. दिनकररावांनी दार लावले. खटका बरोबर लागला. मग त्यांनी खाली बसून दाराची खालची कड आणि मागल्या मडगार्डाची रेघ यांवर पोलादी पट्टी धरली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एक सूत खाली आहे."

त्यांनी एक शिकंजा सैल केला, पत्रा किंचित हलवला, पुन्हा आवळला, पुन्हा दार लावले. एक सूत. बिजागरीचे पेच ढिले करून दार उचलून पाहिले, तर वरची कड चढू लागली. तासभर हेच चालले. बाहेर अंधारून आले, आणि आतून दोनदा जेवणाची हाक येऊन गेली. वामनराव बाकावर दिव्याखाली वही घेऊन बसले होते. मला वाटले ते दिवसाची नोंद लिहीत आहेत. पण ते मागे जात होते, पानांमागून पाने, थेट पहिल्या पानापर्यंत.

"दिनकरराव," ते म्हणाले, "१९८१, एप्रिल १२. तुमचंच अक्षर आहे. 'आज गाडी घरी आणली. रंग बरा. घड्याळ बंद. टायर दोन बदलणे. डावे दार एक सूत खाली.'"

दिनकररावांनी पट्टी खाली ठेवली आणि झाळयंत्राची तार हातात घेतली.